डॉक्टर आहेच मी अजून

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

इथे जपानात तब्येत उत्तम. आमटी-भात रोज होतो, जाड जाकीटही घेतलंय. काळजीचा विषय बंद.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, "एमबीबीएस होऊन उंदरांची हाडं मोजायची होती तर..." आणि पुढचं गिळलंत. साताऱ्यात पोवई नाक्यावर लोकही विचारत असतील. त्यांना इथल्या अंतराळवीर चिआकी मुकाईंचं सांगा. हृदयाच्या सर्जन. १९७७ ला केइओ विद्यापीठातून डॉक्टर झाल्या आणि १९८५ ला अंतराळवीर म्हणून निवडल्या गेल्या. पुढच्याच वर्षी चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाचा अपघात, सगळं लांबलं. पहिलं उड्डाण थेट १९९४ ला. त्या मोहिमेत मेदाका या इथल्या छोट्या माशांची पिल्लं अंतराळात जन्मली. (सर्जन होऊन मासे, असं त्यांनाही कुणीतरी म्हणालंच असेल.) १९९८ ला पुन्हा गेल्या, ७७ वर्षांच्या अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेनसोबत, कारण वजनरहित अवस्थेत हाडं, स्नायू, झोप यांचं जे होतं ते बरंचसं म्हातारपणासारखं असतं. खुब्याचं हाड तिथे महिन्याला एक-दीड टक्का झिजतं. अंतराळस्थानकातल्या जपानच्या 'किबो' विभागात उंदीर ठेवतात ते यासाठीच. म्हणजे मी आजीच्या खुब्याचंच काम करते. तिच्या ऑपरेशनला मी नव्हते, माहीत आहे. आत्याने दोनदा ऐकवलंय.

इथली एक रीत मात्र अजब. रजेवरून आलं की अख्ख्या विभागाला त्या गावचा खाऊ आणायचा. नुसता डबा फिरवून चालत नाही, प्रत्येक नग वेगळ्या कागदात हवा. डबा कपाटावर ठेवायचा, शेजारी नावाची चिठ्ठी. समोर कुणी खात नाही, तासाभराने एकेक गायब होतो. नाही आणला तर कुणी बोलत नाही, तेच जास्त लागतं. मग काय, राजवाड्यावरचे कंदी पेढे रात्री बसून एकेक गुंडाळले. साहेबांनी वास घेऊन विचारलं, "दूध करपलं का?" पण दोन नेले.

ऐंशी हजार पाठवलेत. ते बाबांच्या मोतीबिंदूचे, दादाच्या फ्लॅटच्या हप्त्याचे नाहीत. त्याला वेगळे देईन.

आई, कराडच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही. मुकाईबाईंचा नवराही डॉक्टर. त्या ह्यूस्टनला, तो जपानात, असा संसार केला त्यांनी. हे चालणार का, एवढं त्या मुलाला आधी विचार. रविवारी फोन करू दे, पण आमचं घड्याळ साडेतीन तास पुढे असतं हे सांग. गणपतीला जमत नाहीये. दिवाळीचं बघते, तिकीट अजून काढलेलं नाही, आजीला आत्ताच काही बोलू नका.

तुमची,
सुमी