आई-बाबांस, व्हीलीबद्दल

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दादाने माझा तो व्हिडिओ तुम्हांला दाखवला आणि त्यानंतर आईला रात्री नीट झोप लागली नाही, हे मला वहिनीकडून कळले. फोनवर बोलायला गेले असते तर आई रडली असती, बाबा गप्प झाले असते आणि मीही अर्धेच सांगून फोन ठेवला असता, म्हणून हे पत्र लिहीत आहे. स्पोर्ट मोटारसायकलवर व्हीली मारायला, म्हणजे पुढचे चाक हवेत उचलून गाडी नुसत्या मागच्या चाकावर चालवायला, मी शिकते आहे आणि ते मी सोडणार नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण शेवटच्या ओळीपर्यंत तुम्हांला आशेवर ठेवणे मला बरे वाटत नाही. अण्णाकाकांचा विषय मी या पत्रात काढणार नाही. पण ते माझ्या मनात नाहीत, असे मात्र समजू नका.

त्या व्हिडिओत हवेत उचललेले पुढचे चाक तेवढे दिसते. माझा उजवा पाय कुठे आहे, ते त्यात दिसत नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. तो पाय पूर्ण वेळ मागच्या ब्रेकवर असतो. बाबा, तुम्हांला यंत्रातले कळते म्हणून सांगते: गाडीचे आणि चालवणाऱ्याचे मिळून जे गुरुत्वमध्य असते, ते मागचे चाक जिथे जमिनीला टेकते त्या जागेच्या बरोबर वर आले, की गाडी तोलून राहते, त्याच्या अलीकडे असेपर्यंत रेस देत राहावी लागते आणि त्याच्या पलीकडे गेले की गाडी मागे उलटते. उलटण्याआधी मागचा ब्रेक दाबला की पुढचे चाक खाली येते. म्हणून सुरुवातीला आमच्या शिक्षकांनी चाक उचलायला शिकवलेच नाही. बसल्या जागी, मग हळू चालत्या गाडीवर, ते सांगतील त्या क्षणी ब्रेक दाबायचा, एवढेच चालले होते. इतके कंटाळवाणे शिक्षण मी पाढे पाठ करण्यानंतर कधी घेतले नव्हते. ज्या गाडीवर आम्ही शिकतो तिच्या मागे एक लोखंडी दांडी जोडलेली आहे. गाडी ठरावीक कोनापलीकडे गेली की दांडी जमिनीला खर्रकन घासते आणि गाडी तिथेच अडते. तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा माझे हात हँडलवर इतके आवळले गेले, की शिक्षकांनी बोटे सोडवायला सांगितली.

तुम्ही विचाराल, की हे करायचेच कशाला? स्पोर्ट मोटारसायकलचा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांच्या मध्यांमधले अंतर, साधारण 1400 मिलिमीटर असतो, वजन उंचावर आणि ताकद भरपूर. त्यामुळे खालच्या गिअरमध्ये जोरात रेस दिली किंवा चढावाच्या माथ्यावरून वेगात गेले, की पुढचे चाक न सांगताही हलके होते आणि कधी कधी उचलतेही. तेव्हा गांगरून रेस एकदम सोडली तर चाक दाणकन आपटते, आणि हँडल जरा तिरके असताना टेकले तर ते दोन्ही बाजूंना फडफडू लागते. चाक थोडी रेस ठेवून, सरळ हँडलने, हलकेच कसे टेकवायचे ते आलेले बरे, असे मी दादाला सांगितले आणि त्याला ते पटलेही. हे कारण खरे आहे. पण बाबांना ते पुरणार नाही, कारण माझी कारणे तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. मला ते आवडते, हेच मुख्य कारण आहे. क्लच सोडताना पुढचे चाक अलगद वजनहीन होते, तेव्हा डोक्यात दुसरा एकही विचार उरत नाही.

आजच्या गाड्यांत चाक उचलू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते, मग ती बंद का ठेवता, असेही तुम्ही विचाराल. ती चाक उचलले की इंजिनाची ताकद कापते. ती चालू असताना हे शिकता येत नाही. सराव संपला की मी ती पुन्हा चालू करते, आणि रस्त्यावर ती चालूच असते. रस्त्यावर मी व्हीली कधीही मारणार नाही, आणि हे तुमच्या समाधानासाठी लिहीत नाही: चाक वर गेले की समोरचे काही म्हणजे काहीच दिसत नाही, फक्त कडेने जमिनीवरची पांढरी रेघ दिसते. रस्त्यावर तेवढ्यात एखादे मूल आडवे आले तर? आमची धावपट्टी बंदिस्त आहे, एका वेळी एकच गाडी सुटते आणि प्रथमोपचाराचा माणूस हजर असतो. चामड्याचा पूर्ण पोशाख, पाठीचे कवच, घोट्यावर जाणारे बूट, हातमोजे हे सगळे घातल्याशिवाय शिक्षक गाडीला हात लावू देत नाहीत. जेवण वेळेवर होते, झोपही होते. उलट सरावाच्या आदल्या रात्री मी लवकर झोपते, जे आईला इतक्या वर्षांत जमवता आले नाही.

बाबा, जपानच्या यासुयुकी कुडो यांनी 1991 मध्ये होंडाच्या टीएलएम २२० आर या गाडीवर 331 किलोमीटर न थांबता एका चाकावर जाऊन दाखवले होते. माझे चाक तुमचा चष्मा पुसून होईपर्यंत वर राहते, तेव्हा तसली काही स्वप्ने मला पडत नाहीत. गाडीचीही हेळसांड होत नाही. चेन-स्प्रॉकेट, क्लच प्लेटा, कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ती बेअरिंग) आणि पुढच्या शॉकअपची सिले यांच्यावर या प्रकाराने ताण येतो, तेवढे मी दर वेळी तपासते. गाडी उभी झाली की ऑइल मागे वाहते आणि पंप कोरडा पडू शकतो, म्हणून ऑइलची पातळीही पाहते. स्कूटरवर तुमच्या पुढे उभी राहून, तुमची हनुवटी डोक्यावर आपटत असताना, "बाबा, आता मी रेस देते" म्हणणारी मुलगी तुम्हीच वाढवली आहे. तुम्ही तुमचा हात न काढता माझा हात वर ठेवू द्यायचात, ते मला अजून आठवते.

आता माझे ऐका. आई, रात्री अंथरुणात पडून लोक गाडीवरून पडल्याचे व्हिडिओ पाहणे आजपासून बंद कर. एक पाहिला की फोन तसलेच आणखी दाखवत राहतो. माझा सराव असेल तेव्हा संपल्यावर मी स्वतः फोन करीन, त्याआधी तू करू नकोस, आणि गुडघ्याचे व्यायाम चुकवू नकोस. बाबा, रक्तदाबाची गोळी माझ्यावरच्या रागाने टाळायची नाही. तुमचे जुने हेल्मेट गच्चीच्या जिन्यावरून पडले होते. आतला फोम एकदा दबला की पुन्हा उभारी धरत नाही, म्हणून ते टाकून द्या. नवे पाठवले आहे. घातल्यावर गाल दाबल्यासारखे वाटतील, ते तसेच हवे. हेल्मेट हलवले तर कपाळाची कातडी त्याच्याबरोबर सरकली पाहिजे. घट्ट आहे म्हणून परत करू नका, आणि कोपऱ्यापर्यंतच जायचे असले तरी पट्टा लावूनच निघा.

तुमची,
चिमी