ल्यूबेकचा विटांचा दरवाजा

ती. आण्णा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी सुट्टी होती म्हणून हांबुर्गहून रेल्वेने ल्यूबेकला जाऊन आले. तिथली वेस बघितली, होल्स्टनटोर म्हणतात तिला, आणि आण्णा, तुमची फार आठवण झाली.

सगळं काम विटांचं! दोन गोल बुरूज, वर निमुळती टोकदार छपरं, मध्ये कमान. लाल विटांच्या थरांत मध्येमध्ये काळ्या विटांचे थर घातलेत. हात लावून बघितला. काळ्या विटेला बरणीसारखी झिलई आहे, लाल वीट मात्र तळव्याला खरखरीत लागते, आपल्या भट्टीच्या विटेसारखी. १४६४ ते १४७८ अशी चौदा वर्षं बांधकाम चाललं. हिन्रिश हेल्मस्टेडे नावाच्या कारागिराने ते केलं. बाहेरच्या अंगाला भिंत साडेतीन मीटर जाड आणि गावाकडच्या अंगाला मीटरभरसुद्धा नाही. शत्रू जिकडून यायचा तिकडेच माल ओतलाय.

पण खालची जमीन दलदलीची. एवढं वजन तिला पेललं नाही आणि बुरूज खचले. दक्षिणेचा तर नुसत्या डोळ्यांनी कललेला दिसतो. सगळ्यात खालच्या रांगेतल्या जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं, आता जमिनीखाली गेलीत. तुम्ही पायाच्या खड्ड्यात स्वतः उतरून पहार मारून बघता, तेव्हा लोक घाई करतात. मला तेच आठवत होतं. १९३३-३४ साली आधार देऊन बुरूज पक्के केले, तेव्हा कुठे खचणं थांबलं.

त्याआधी तर वेस पाडायचीच ठरत होती. रेल्वेला जागा हवी होती. १८६३ साली मतदान झालं आणि अवघ्या एका मताने ती वाचली. त्या एका मताचा विचार करत मी कितीतरी वेळ समोरच्या हिरवळीवर बसून होते.

बाहेरच्या बाजूला लॅटिनमध्ये सोनेरी अक्षरं आहेत: घरात एकोपा, बाहेर शांतता. आई, हे तुझ्यासाठी.

तिथली बदामाची मिठाई प्रसिद्ध आहे, मार्झिपान. एक डबा घेतलाय, दिवाळीला येताना आणते. सोबत दक्षिण बुरुजाचा फोटो पाठवतेय. आण्णा, त्याच्यावर ओळंबा धरून बघा आणि किती कललाय ते कळवा. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
ताई