दुधाचा पेला परत केला, त्याबद्दल

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर माझ्या दूध सोडण्याचा विषय निघाला की आपण तिघंही लगेच हवापाण्याच्या गप्पांवर येतो. म्हणून लिहितेय.

आई, त्या रात्री तू माझ्यापुढे कोमट दुधाचा पेला ठेवलास. साय मला आवडते म्हणून मुद्दाम वर तशीच ठेवली होतीस. मी म्हणाले, "हे वासराचं आहे, माझं नाही." तू एक शब्द बोलली नाहीस. दूध पातेल्यात परत ओतलंस आणि वर झाकण ठेवलंस. तो झाकणाचा आवाज माझ्या कानातून जात नाही. बोलले ते मला आजही पटतं, पण ती वेळ चुकली आणि सूर तर फारच चुकला. माफ कर.

बाबा, दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "दूध काढताना गाईला कोणी मारत नाही, मग अडतं कुठे?" प्रश्न रास्त होता आणि मी चिडून उठून गेले. उत्तर आता देते.

कोणी काही वाचायला दिलं म्हणून मी व्हीगन, म्हणजे दूध-अंड्यांसकट प्राण्यांपासून आलेलं काहीच न खाणारी, झाले नाही. कामानिमित्त एका मोठ्या गोठ्यात गेले होते. एक गाय नुकतीच व्यायलेली. वासरू भिंतीपलीकडे बांधलेलं. ते ओरडलं की ही दावं ताणायची, आणि हात न लावता तिच्या सडांतून दूध जमिनीवर गळायचं. 'पान्हा फुटणं' हे आपण किती सहज बोलतो! मी ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. तिथल्या माणसांनी तिला मारलं नव्हतं, उलट प्रेमानं नावानं हाक मारत होते. तरी मला तिथे उभं राहवेना.

गाय विते तेव्हाच तिला दूध येतं, हे मला शाळेपासून माहीत होतं, पण त्याचा अर्थ कधी लावला नव्हता. नऊ महिने गाभण, मग दूध, आणि ते आटायच्या आत कृत्रिम रेतनानं पुन्हा गाभण. अशा मोठ्या गोठ्यांत वासरू बहुधा एक-दोन दिवसांतच वेगळं करतात. कालवड असली तर ती आईच्याच वाटेनं जाते, गोऱ्हा असला तर दुधाच्या धंद्यात त्याचं काही काम नसतं. गाय वीस वर्षं जगू शकते. मोठ्या व्यापारी गोठ्यांत मात्र पाच-सहा वर्षांची होईतो तिचा हिशोब बहुतेक मिटलेला असतो. अडतं ते इथे, बाबा. अंड्यांचंही थोडंफार तसंच. अंडी देणाऱ्या जातीची नर पिल्लं कुणालाच नको असतात, म्हणून ती जन्मली त्याच दिवशी मारतात. जर्मनीनं २०२२पासून हे कायद्यानं बंद केलं.

तुम्ही हिशोबी माणूस, म्हणून आकडेही देते. २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात ११९ देशांतल्या सुमारे ३८,००० शेतांचा अभ्यास छापून आला. मांस, दूध, अंडी आणि मासे मिळून जगाला सुमारे १८ टक्के कॅलरी पुरवतात, आणि त्यासाठी शेतीची ८३ टक्के जमीन अडकते, कुरणं आणि चाऱ्याची पिकं धरून. शिवाय रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून पृथ्वी तापवणारा मिथेन वायू निघतो तो वेगळाच. एक मात्र कबूल करते. जिथे गवताशिवाय काही उगवतच नाही, तिथे चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्याला हे आकडे ऐकवायला मी जाणार नाही. माझ्यासमोर पर्याय आहेत, त्याच्यासमोर नाहीत.

"हे आजकालचं फॅड" असंही तुम्ही म्हणालात. 'व्हीगन' हा शब्द १९४४चा आहे. डोनाल्ड वॉटसन या इंग्रज गृहस्थानं 'व्हेजिटेरियन'ची सुरुवात आणि शेवट जोडून तो केला. तो ९५ वर्षं जगला. त्यावरून काही सिद्ध होत नाही, पण आईला हे ऐकून बरं वाटेल.

आता तुमच्यापासून लपवलेली गोष्ट. पहिल्या वर्षी माझ्या तळपायांना मुंग्या यायच्या. जिना चढताना दम लागायचा. मी दुर्लक्ष केलं, कारण तुम्हाला कळलं असतं तर "बघ, आम्ही सांगत होतो" हे ठरलेलंच होतं. शेवटी रक्त तपासलं. बी-१२ फारच कमी. डॉक्टर म्हणाले, हे जीवनसत्त्व जिवाणू बनवतात, वनस्पतींतून ते भरवशानं मिळत नाही. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणजे माझा साठा दूध सोडण्याआधीच तळाला गेला होता. तेव्हापासून गोळी चुकवत नाही. मुंग्या गेल्या. मी पूर्वतयारी न करता उडी मारली, ही चूक माझी. पालकाच्या भाजीत कॅल्शियम भरपूर असतं, पण त्यातल्या ऑक्सलेटमुळे ते अंगी फारसं लागत नाही, हेही मला तेव्हाच कळलं. आता तीळ असतात, आणि वरून कॅल्शियम घातलेलं सोयाचं दूध.

हे आज सांगण्याचं कारण म्हणजे माझा साठा ज्या स्वयंपाकघरात तळाला गेला, त्यातच तुम्ही दोघं जेवता. वय वाढलं की अन्नातलं बी-१२ शोषलं जाणं कमी होतं. बाबा, साखरेसाठी तुम्ही इतकी वर्षं मेटफॉर्मिन घेताय, त्यानंही ते उतरतं. तेव्हा दोघांनी एकदा तपासून घ्या. दूध सोडा असं मी म्हणत नाही. तुम्ही प्या. माझ्यासमोर प्या, मी तोंड वाकडं करणार नाही.

पुढच्या महिन्यात चार दिवस येतेय. सोयाच्या दुधाचा खोका मीच आणीन. आई, माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक करू नकोस, तुमच्यातलंच जे चालेल ते घेईन. फक्त चहाचं एक छोटं भांडं मला काढून ठेव. हे दूध उकळत्या चहात घातलं की फाटतं, म्हणून चहा आधी गाळायचा, जरा निवू द्यायचा आणि मग घालायचं. बाबा एक घोट घेऊन नावं ठेवणार, हे मी धरूनच चाललेय.

तुमची,
लेक