मंडईतल्या त्या फोटोग्राफर भाऊंचे आभार

भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडच्या एका मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, रात्रीची दंडार (तिकडचं लोकनाट्य) रंगात आली होती, अन् माझ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर काळ्या पट्ट्या सरकत होत्या. पहिलाच डीएसएलआर, सेकंडहँड, सोबत १८-५५ मिमीची लेन्स. शेजारी लग्नाच्या ऑर्डरी करणारे एक भाऊ उभे होते. म्हणाले, "शटर पन्नासवर घे ना गा." आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते; म्हणून व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा आणि शटर १/५० सेकंदाचं, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये नेमके दोन उजळ-मंद फेरे बसतात. पट्ट्या गायब!

मग त्यांनी लेन्सवरची कळ एमएफवर (हाताने फोकस) सरकवली, भिंगाची खूण असलेलं बटण दाबून पडद्यावरचं चित्र मोठं केलं आणि नाच्याच्या नथीवर फोकस लावून दाखवला. लगेच रिंग फिरवून तो मुद्दाम बिघडवला. "आता तू लाव." मला जमेस्तोवर हलले नाहीत.

मध्यरात्री बॅटरी बसली, तर स्वतःची काढून दिली. नशीब, मॉडेल सारखं होतं. "सकाळी चहाच्या टपरीवर ठेवजो," एवढंच बोलून निघाले. टपरीवाल्यालाही त्यांचं नाव ठाऊक नाही.

भाऊ, दंडार शेवटपर्यंत रेकॉर्ड झाली. बॅटरीसोबत पेनड्राइव्हही ठेवला आहे, तो तुमचाच. मनापासून आभार.