शोषण निराळे, प्रकीर्णन निराळे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत गेल्या आठवड्यात प्रकाश आणि पदार्थ यांच्या परस्परक्रियेवर प्रसिद्ध झालेला लेख मी आस्थेने वाचला. लेखाची भाषा सुबोध आहे. परंतु त्यातील दोन विधाने चुकीची असून दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. पहिले विधान असे, की हवेतील रेणू निळा प्रकाश शोषून घेतात आणि तो पुन्हा सर्व दिशांना बाहेर टाकतात, म्हणून आकाश निळे दिसते. दुसरे असे, की क्ष-किरण हाडांवर आदळून परत फिरतात, म्हणून छायाचित्रात हाडे पांढरी उमटतात. म्हणजे जेथे प्रकीर्णन, अर्थात प्रकाशाचे विखुरणे, आहे तेथे लेखकाने शोषण सांगितले आहे, आणि जेथे शोषण आहे तेथे किरणांना माघारी धाडले आहे. पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी सारी उमेद गेली, त्यामुळे या चुका मला उत्तरपत्रिकांतून चांगल्याच परिचयाच्या आहेत. पहिली तर सुरुवातीची काही वर्षे मी स्वतःच फळ्यावर लिहीत असे.

फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, शोषला जातो तेव्हा तो उरत नाही. त्याची सगळी ऊर्जा अणूला, रेणूला किंवा स्फटिकाला मिळते, आणि ती सामावून घेणारी ऊर्जापातळी त्या पदार्थात असावी लागते. प्रकीर्णनात अशी पातळी जुळण्याची गरज नसते: प्रकाशाच्या विद्युतक्षेत्रामुळे रेणूतील इलेक्ट्रॉनांचा ढग त्याच वारंवारतेने हेलकावतो आणि त्याच वारंवारतेचा प्रकाश अन्य दिशांना जातो. दृश्य प्रकाशाच्या फोटॉनची ऊर्जा साधारण १.७ ते ३.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे ऊर्जेचे अगदी लहान एकक) असते, तर नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचे जोरकस शोषण सुमारे २०० नॅनोमीटरच्या खाली, म्हणजे ६ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर सुरू होते. निळा फोटॉन शोषून घेण्याइतकी सोयीची पायरी या रेणूंकडे नाहीच. जे होते ते रॅले यांनी १८७१ मध्ये मांडलेले प्रकीर्णन, आणि त्याचे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त असल्यामुळे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा चौपटीहून अधिक विखुरतो.

'शोषून पुन्हा सोडणे' ही क्रिया निसर्गात नाही असे नव्हे. तिला प्रतिदीप्ती म्हणतात आणि तिची लक्षणे वेगळी असतात: शोषण आणि उत्सर्जन यांच्यात बहुधा काही नॅनोसेकंदांचे अंतर पडते, आणि बाहेर येणारा फोटॉन सहसा आत गेलेल्यापेक्षा कमी ऊर्जेचा असतो. आकाश प्रतिदीप्तीने उजळत असते तर सूर्याच्या वर्णपटातील फ्राउनहोफर यांच्या काळ्या रेषा निळ्या आकाशाच्या वर्णपटात आढळल्या नसत्या. त्या तेथे जशाच्या तशा दिसतात. (अगदी बारकाईने पाहिल्यास त्या किंचित भरून आलेल्या दिसतात. त्याचे कारण रामन परिणाम. तो पुढे येतोच.) शिवाय सूर्यापासून ९० अंशांवरच्या आकाशाचा प्रकाश बऱ्याच अंशी ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, असतो, आणि आलेल्या प्रकाशाची दिशा इतकी नेमकी लक्षात ठेवणे हे प्रकीर्णनाचेच काम आहे.

क्ष-किरणांच्या बाबतीत पारडे उलटे झुकते. छायाचित्रात हाड पांढरे उमटते ते तेथवर फोटॉन कमी पोहोचतात म्हणून. ते पांढरेपण सावलीचे आहे. हाडातील कॅल्शियमचा अणुक्रमांक २०, मऊ ऊतींमध्ये मुबलक असलेल्या ऑक्सिजनचा ८. प्रकाशविद्युत परिणामाने, म्हणजे ज्यात फोटॉन संपूर्ण शोषला जाऊन अणूच्या आतल्या कवचातील इलेक्ट्रॉन बाहेर पडतो त्या क्रियेने, एका अणूकडून होणारे शोषण अणुक्रमांकाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. यावरून कॅल्शियमचा एक अणू ऑक्सिजनच्या एका अणूच्या चाळीसेक पट प्रभावी ठरतो. फोटॉनची ऊर्जा वाढवली की हेच शोषण जवळजवळ तिसऱ्या घाताने घटते, आणि म्हणून फार ऊर्जावान किरणांनी काढलेल्या चित्रात हाड आणि मांस यांतला फरक फिका पडतो.

प्रकीर्णन येथेही असतेच, पण ते चित्र घडवत नाही, बिघडवते. आर्थर कॉम्प्टन यांनी १९२३ मध्ये दाखवून दिले, की फोटॉन इलेक्ट्रॉनवर आदळून वळतो तेव्हा त्याची तरंगलांबी वाढते. ९० अंशांत वळल्यास ही वाढ ०.००२४३ नॅनोमीटर असते, मग मूळ तरंगलांबी कितीही असो. ५०० नॅनोमीटरच्या प्रकाशात इतक्या वाढीचा मागमूसही लागणार नाही, पण कॉम्प्टन यांनी वापरलेल्या सुमारे ०.०७ नॅनोमीटरच्या क्ष-किरणांत ती तीन टक्क्यांहून जास्त भरते. आता ६० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचा फोटॉन घ्या. काटकोनात वळल्यावरही त्याच्याजवळ सुमारे ५४ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट शिल्लक राहतात. एवढ्या ऊर्जेनिशी तो शरीराबाहेर पडतो, भलत्याच ठिकाणी फिल्मवर पोहोचतो आणि तेथे करडे धुके पसरवतो. गुस्ताव्ह बकी यांनी १९१३ मध्ये शिशाच्या पट्ट्यांची जाळी आणली ती हे तिरके फोटॉन अडवण्यासाठी. कॉम्प्टन यांचे स्पष्टीकरण त्यानंतर दहा वर्षांनी आले. तपासणीच्या वेळी तंत्रज्ञ आडोशाला उभे राहतात त्याचेही मुख्य कारण रुग्णाच्या शरीरातून विखुरणारे हे किरणच होत.

किरण हळूहळू 'दमतात' असा लेखाचा सूर आहे, तोही दुरुस्त करायला हवा. एकाच ऊर्जेच्या फोटॉनांची शलाका पदार्थात शिरली की तिच्यातील संख्या कमी होत जाते. ज्याला काहीच आडवे आले नाही तो फोटॉन पलीकडे पूर्ण ऊर्जेनिशी बाहेर येतो. १०० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या फोटॉनांपैकी सुमारे निम्मे ४ सेंटिमीटर पाण्यातून कशालाही न धडकता पार होतात, ८ सेंटिमीटरमधून पाव, १२ मधून अष्टमांश. प्रत्येक थरात उरलेल्यांपैकी निम्मे गळतात, आणि एकूण किती गळतील हे सांगता आले तरी नेमका कोणता गळेल हे सांगता येत नाही.

दोन्ही क्रिया समोरासमोर पाहायच्या असतील तर ऑप्टिकल फायबरसारखे उदाहरण नाही. १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी सहकाऱ्यासह असा निष्कर्ष मांडला, की काचेत प्रकाश विरतो तो मुख्यतः लोहासारख्या अशुद्धींच्या शोषणामुळे, आणि त्या काढल्या तर दर किलोमीटरला २० डेसिबलपेक्षा कमी घट गाठणे शक्य आहे. २० डेसिबल म्हणजे किलोमीटरभरात शंभरातला एक फोटॉन उरणे. त्या काळी तेवढेही स्वप्नवत होते. आज १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी ही घट ०.२ डेसिबलच्या आसपास आहे, म्हणजे १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मे फोटॉन शाबूत असतात. मग १५५० हाच आकडा का? तरंगलांबी कमी केली तर काचेच्या घनतेतील सूक्ष्म चढउतारांमुळे होणारे रॅले प्रकीर्णन वाढते. ८५० नॅनोमीटरला ते ११ पट होते. तरंगलांबी वाढवली तर सुमारे १६०० नॅनोमीटरच्या पुढे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या बंधांची कंपने प्रकाश शोषू लागतात. एका बाजूने प्रकीर्णनाचा उतार, दुसऱ्या बाजूने शोषणाचा चढ, आणि त्यांच्यामधल्या घळीतून दूर पल्ल्याचे बहुतेक संदेशवहन चालते.

समुद्राच्या निळाईला तर दोन्ही क्रिया लागतात, आणि लेखातील आकाशाच्या प्रतिबिंबाची कल्पना त्यासाठी पुरी पडत नाही. १९२१ च्या सागरप्रवासात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रतिबिंबाचा प्रकाश प्रिझमने दूर सारून पाहिला, तेव्हाही पाणी निळेच दिसले, आणि त्यांनी त्याचे श्रेय पाण्याच्या रेणूंकडून होणाऱ्या प्रकीर्णनाला दिले. आज त्यात एवढी भर घालावी लागते, की पाण्याचे रेणू आपल्या कंपनांमुळे तांबडा प्रकाश थोडाथोडा शोषतात, आणि उरलेला निळा प्रकाश प्रकीर्णनामुळे वर परततो. हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम हे त्याचेच जड रूप असलेल्या जड पाण्यात हे शोषण अवरक्त भागाकडे सरकते आणि ते पाणी जवळजवळ रंगहीन दिसते. रामन यांचा या विषयातील शोध, म्हणजेच वर उल्लेखलेला रामन परिणाम, कृष्णन यांच्या सहकार्याने २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात पूर्णत्वाला गेला. विखुरलेल्या प्रकाशातील अगदी थोडे फोटॉन रेणूच्या कंपनाला किंवा भ्रमणाला ऊर्जा देऊन अथवा त्याच्याकडून घेऊन निघतात, आणि प्रत्येक रेणूच्या बाबतीत ही देवघेव ठरावीक मापाचीच होते. देवघेव झाली म्हणून काही याला कोणी शोषण म्हणत नाही, कारण फोटॉन रेणूत मुक्काम करत नाही.

आपल्या लेखाच्या चित्राखाली एक ओळ आहे: 'शोषलेले क्ष-किरण शरीरात साठून राहतात.' वरील दोन विधानांपेक्षा ही ओळ मला जास्त खटकली. शोषलेला फोटॉन नाहीसा झालेला असतो. साठायला तो उरतच नाही. त्याच्या ऊर्जेने सुटलेले इलेक्ट्रॉन पेशींतील रेणूंना इजा करू शकतात आणि ती इजा मागे राहू शकते, म्हणून विनाकारण तपासण्या टाळाव्यात हे योग्यच. पण यंत्र बंद झाल्यानंतर क्षणभरही शरीरात क्ष-किरण राहत नाहीत आणि रुग्णाजवळ बसणाऱ्याला त्यापासून काही भय नसते. आगामी पुरवणीत निदान या ओळीची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त पदार्थविज्ञान शिक्षक