हाफ क्लचवरचा घाट

डेन्व्हर, 14 जुलै

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मध्यंतरी फोनवर मी ‘गिअरबॉक्स तापतोय’ एवढंच बोलले आणि तुम्ही रात्रभर जागे होतात म्हणे. फोनवर तुम्ही मधेच प्रश्न विचारता आणि माझं सांगणं भरकटतं, म्हणून सगळं लिहूनच पाठवते.

आमची पिकअप 1998 सालची, व्ही-एट इंजिन, चार गिअरची ऑटोमॅटिक. जूनमध्ये पोरांच्या हट्टाखातर मागे कॅम्पिंगचा ट्रेलर लावून डोंगरात निघालो. डेन्व्हर 5,280 फुटांवर, आणि पश्चिमेला जाणारा महामार्ग शंभरेक किलोमीटरच्या आत आयझेनहॉवर बोगद्यापाशी 11,000 फुटांच्या वर नेतो. पसरणी घाटासारखी वळणं नाहीत, पण चढ संपता संपत नाही. त्यात हवा विरळ, म्हणजे तेल थंड करायलाही हवा कमीच. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला एक छोटं यंत्र लावलं की गाडीच्या संगणकातले आकडे मोबाइलवर दिसतात. बोगद्याच्या अलीकडे गिअर ऑइल 114 अंश सेल्सिअस दाखवत होतं! एरवी ते 80 ते 95च्या आसपास असावं. 80च्या वर दर 11 अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं, असा इथल्या मेकॅनिकांचा ठोकताळा आहे. बाजूला गाडी घेतली, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून वीस मिनिटं थांबलो.

घरी आल्यावर एका गॅरेजवाल्याला दाखवली. त्याने गिअरबॉक्सखालचं तेलाचं पॅन खोललंसुद्धा नाही. आकडा ऐकला आणि ‘गिअरबॉक्स उतरवून पूर्ण नवा भरावा लागेल’ म्हणून साडेतीन हजार डॉलरचा अंदाज हातात ठेवला. तुम्ही असता तर त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतंत. मी नुसतं थँक यू म्हणून निघून आले.

तुमचा पहिला प्रश्न हाच असणार: आकडा खरा कशावरून? सेन्सर म्हातारा झाला की काहीही सांगतो. फेरी मारून आल्याबरोबर लांबून तापमान मोजणारी बंदूक पॅनवर रोखली. मोबाइलपेक्षा दोन-तीन अंश कमी. म्हणजे खरंच तापत होतं. मग सपाटीवर, इंजिन चालू ठेवून, गरम तेलाची पातळी पाहिली. बरोबर. रंग काळपट, पण जळका वास नाही. पॅन काढलं तर त्यातल्या चुंबकाला नेहमीची करडी राख, धातूचे तुकडे नाहीत. इथे जरा धीर आला.

तुमचा संशय गिअर ऑइल थंड करणाऱ्या समोरच्या कूलरवर होता, तो अर्धा खरा निघाला. जूनमध्ये इथे कॉटनवुडच्या झाडांचा कापूस उडतो, आपल्या सावरीसारखा. त्याने जाळीत गादीच भरली होती. आतल्या बाजूने पाण्याचा हलका फवारा मारून काढला. कूलरकडून परत येणारी नळी बादलीत सोडून इंजिन चालू केलं. वीस सेकंदांत लिटरभर तेल आलं, म्हणजे आतून तुंबलेलं नव्हतं. पंख्याचा क्लचही ठीक. तुमचे जावई टॉर्च धरून उभे होते, त्यांचं जेवण साडेदहाला झालं.

तरी आकडा सात-आठ अंशांनीच उतरला.

आता खरी गंमत. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलात समोरासमोर दोन पंखे, एक इंजिन फिरवतं आणि तेलाच्या झोतावर दुसरा फिरतो. दुसरा थोडा मागे पडतो, आणि जेवढा मागे पडतो तेवढी ताकद उष्णता होऊन तेलात जाते. म्हणून एका लयीत चालताना आतली एक क्लच प्लेट दोन्हींना बांधून टाकते, त्याला लॉक-अप म्हणतात. सपाट रस्त्यावर ताशी 80 किलोमीटरला अ‍ॅक्सिलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेक नुसता टेकवायचा. लॉक लागलेला असेल तर तो सुटतो आणि इंजिनाचे फेरे दोन-तीनशेने वर जातात. आमचा काटा हललाच नाही. लॉक लागतच नव्हता. ज्या हाफ क्लचसाठी, म्हणजे क्लच अर्धवट दाबून गाडी रेटण्यासाठी, आगारात तुम्ही ड्रायव्हरांना झाडायचात, त्याच हाफ क्लचवर ही बिचारी अख्खा घाट चढत होती.

लॉक लावणारा विजेवरचा व्हॉल्व्ह, सॉलेनॉइड, गेला असेल असं वाटलं, आणि मी तो मागवणारही होते. तेवढ्यात आठवलं की गाडी विकणारा म्हणाला होता, ‘क्रूझ कंट्रोल कधी लागत नाही, सोडून द्या.’ क्रूझ म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता एकच वेग धरून ठेवणारी सोय. क्रूझ आणि लॉक-अप, दोन्ही ब्रेक दाबला की सुटले पाहिजेत, आणि दोघांना ती खबर एकच बटण देतं, पेडलच्या वरचं. वायरीत वीज आहे का ते दाखवणारा टेस्ट लॅम्प घेऊन मी डॅशबोर्डखाली उलटी झोपले. मागचे लाल दिवे नीट लागत होते, म्हणून इतकी वर्षं कुणी तिकडे पाहिलं नसावं. पण त्याच बटणातल्या दुसऱ्या संपर्काची पट्टी झिजली होती. पेडल मोकळं असतानाही लॅम्प लागेना. लॉक-अपला वीजच पोचत नव्हती.

बटण बावीस डॉलरचं. बसवायला दहा मिनिटं, मान सरळ व्हायला दोन दिवस.

तेल आणि फिल्टर बदलून गेल्या शनिवारी तोच ट्रेलर घेऊन तोच चढ चढलो. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे चौथा गिअर, बंद ठेवून, तिसऱ्या गिअरमध्ये. बोगद्यापाशी 98. क्रूझही लागतो आता, पण घाटात मी लावत नाही.

काळवंडलेल्या तेलाने गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटा किती झिजल्या, ते वर्षभरात कळेलच. डिसेंबरमध्ये येऊ तेव्हा तुमचा तो पितळी होल्डरचा टेस्ट लॅम्प मी घेऊन जाणार आहे. इथल्याची वायर फारच आखूड आहे.

आईला सांगा, गोडा मसाला संपत आलाय, आणि हो, मी वेळेवर जेवते.

तुमची लेक