भोंगा आणि बाबांचा उपदेश

महोदय,

‘मोबाइल ठेव खाली’ हे वाक्य आमच्या घरात दिवसातून दहादा तरी उच्चारलं जातं आणि दहाही वेळा वाया जातं. वाक्यात खोट नाही. खोट आहे ती कोण बोलतंय, कुणाला आणि कुठल्या वेळी, यात. परवा मी मुलीला हेच सुनावलं, तेव्हा माझ्या हातात व्हॉट्सॲप उघडं होतं. “बाबा, आधी तुम्ही,” ती म्हणाली. मला पुढे काही सुचेना. (आजीच्या रील्सबद्दल तर घरात कुणी ब्रही काढत नाही.) बोलणाऱ्याच्या चारित्र्यावर त्याच्या शब्दांचं वजन ठरतं, हे ॲरिस्टॉटलचं म्हणणं असं सोफ्यावर बसून कळलं.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला. संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. भोंग्याच्या स्वतःच्या हातात फोन नसतो आणि तो थोरांना वगळून फक्त पोरांसाठी वाजत नाही. ‘तू बंद कर’चं तिथे ‘आपण बंद करू’ झालं, म्हणून मुलांनी ऐकलं असावं.

आमच्याकडे भोंगा लावला तर आधी आवाजाचीच तक्रार येईल. तरी सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगच्या भांडणानंतर हा विषय घ्यावा, असं मी सेक्रेटरींना कळवलं आहे. व्हॉट्सॲपवरच, अर्थात.

– एक पालक, पुणे